पावर पेट्रोल आणि मिस्तरींच्या तोंडाचा वास

मोटारीच्या पोटात काय गेलंय ते तिच्या खोकल्यावरून ओळखावं, असं आमचे धुडकू मिस्तरी म्हणत. माणसाचं तसं नसतं. त्याच्या पोटात काय गेलंय हे लोक त्याच्या तोंडाच्या वासावरून ठरवतात, आणि तिथे चूक झाली तर ती सुधारायला कुठल्याही मापाचा पाना मिळत नाही.

उसापासून मोटारीचं इंधन निघणार, पेट्रोलमध्ये मिसळणार, असं हल्ली पेपरात सारखं येतं. घरातली मुलं मला ते नवलाने वाचून दाखवतात. मी ऐकून घेतो. आमच्या धुळ्याच्या गॅरेजात हे इंधन मी वीस वर्षांचाही नव्हतो तेव्हा येऊन गेलंय, आणि त्याने एका भल्या माणसाला जवळजवळ तुरुंगात नेलं होतं. गॅरेजात जन्म गेला. तिथले पुष्कळ किस्से सांगता येतील, पण संपादकांनी पानं मोजून दिली आहेत म्हणून एवढा एकच नीट सांगतो.

मी मूळचा संगमेश्वराकडचा. वडील गेले, घरी एकटी आई उरली आणि सहावीत शाळा सुटली. गावचा एक ड्रायव्हर आग्रा रोडने माल नेत असे. त्याने मला धुळ्यात आणलं, नानांच्या गॅरेजात उभं केलं आणि तो इंदूरकडे निघून गेला. नाना म्हणजे गॅरेजचे मालक. अंगात बंडी, कपाळाला गंध, खुर्ची कायम दाराशी. मला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाले, "काय येस तुले?"

"काही येत नाही," मी म्हटलं.

"चांगलं शे. येस त्याले शिकाडनं भलतं कठीन ऱ्हास."

असा मी लागलो. पण मनातली धाकधूक गेली नाही. ऊन असं, की दुपारी पाना जमिनीवरून उचलताना हाताला चटका बसे. भाषा तर निराळीच. मिस्तरी म्हणत, "बठ्ठा पाना लई ये," आणि मी पेटीत बठ्ठा नावाचा पाना शोधत बसे. बठ्ठा म्हणजे सगळे, हे कळायला वेळ लागला. चुकलो की हे लोक आपल्याला परत पाठवतील, आणि गावी तर पोट भरायला काही उरलेलं नाही, हीच भीती दिवसभर पोटात असे.

ती भीती कमी केली मिस्तरींनी. पहिल्याच पावसाळ्यात मला हिवताप भरला. गॅरेजाच्या मागच्या खोलीत कुडकुडत पडलो होतो. मिस्तरींनी पाठुंगळी मारून घरी नेलं. त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणत. अक्कांनी मला आपल्या मुलांच्या पंगतीला बसवून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा खायला घातला. ठेच्याने माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा मिस्तरी हसत सुटले. "रडी ले, कोकण्या. ताप डोयाना वाटे निघी जास." तेव्हापासून मी त्यांचा कोकण्या झालो. त्या घराचं मीठ माझ्या अंगात अजून आहे.

मिस्तरींची एक गोष्ट सगळ्या धुळ्याला ठाऊक होती. ते पूर्वी पीत. दारूबंदी आली, ते सापडले, तुरुंगात जाऊन आले. सुटल्यावर तडक गॅरेजात येऊन नानांच्या खुर्चीपुढे उभे राहिले. नाना एवढंच म्हणाले, "धुडकू, परत जर वास उना, तर आठली पायरी चढू नको." त्यानंतर मिस्तरींनी थेंबाला शिवलं नाही. पण सोडली असं माणसाने सांगितल्यावर लोक 'हो का, बरं झालं' म्हणतात आणि जरा जवळ येऊन हुंगतात. ते हुंगणं मी रोज पाहत होतो.

अशात ते नवीन पेट्रोल आलं.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं समजावून सांगतो. साखर कारखान्यात साखर निघाल्यावर काळी चिकट मळी उरते. ती आंबवून स्पिरिट काढायचं, त्यातलं पाणी पार घालवायचं आणि ते पेट्रोलमध्ये मिसळायचं. परदेशी पेट्रोल तेवढं वाचतं. आमच्याकडे ते आधी कधी यायचं, कधी नाही; मग रोजचंच झालं. कागदोपत्री त्याला पावर अल्कोहोल म्हणत. आम्ही नुसतं 'पावर' म्हणायचो, आणि गाव म्हणायचं 'दारूचं पेट्रोल'. एकीकडे सरकार माणसाच्या तोंडाला दारू लागू देत नव्हतं आणि दुसरीकडे मोटारीला तीच पाजत होतं. यावर धुळ्याच्या चौकाचौकात विनोद चालत.

एकदा एक कीर्तनकार बुवा नानांची टॅक्सी घेऊन अमळनेरकडे निघाले होते. विषय दारूचे दुष्परिणाम. टाकीत पेट्रोल घालताना त्यांनी नाक वर करून विचारलं, "हा कसला वास?" मी भाबडेपणाने सगळं सांगून टाकलं. बुवा एक पाय गाडीत, एक बाहेर, तसेच थांबले. "म्हणजे दारूच्या गाडीतून दारूबंदीच्या कीर्तनाला जाऊ?"

नाना खुर्चीतूनच म्हणाले, "बुवा, गाडी पेस, तुम्ही कोठे पेतस? पाप लागी ते गाडीले लागी."

बुवांनी विचार केला आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. टाकीपासून तेच जास्त जवळ, हे मी त्यांना सांगितलं नाही. नानांनी नंतर मला झापलं होतं, "कोनी इचारं तितलंच सांगत जाय रे बाप्पा."

पावरवर गाडी चाले छान. चढावर जोरही बरा. पण तिची चाल ज्याला कळली नाही त्याला ती रस्त्यात बसवी. जुन्या गाड्यांच्या कार्बुरेटरमध्ये बुचाचा एक तरंगता गोळा असे. पेट्रोल भरलं की तो वर येऊन वाट बंद करी. त्या बुचाला चपड्याचं, म्हणजे लाखेचं, रोगण लावलेलं असे. आता चपडा स्पिरिटात विरघळतो हे कुठलाही सुतार सांगेल. पावर आली आणि ते रोगण पार धुऊन निघालं, बूच भिजून बुडालं, आणि गाडी घोट थांबवायचंच विसरली. पेट्रोल वाहून जमिनीवर. मिस्तरींनी एकेका गाडीचं बूच काढून पितळी पत्र्याचे पोकळ गोळे बसवून दिले, तेव्हा ते थांबलं.

पण पावरचा खरा शत्रू म्हणजे पाणी. साध्या पेट्रोलमध्ये पाणी पडलं तर ते निमूट तळाशी बसतं. पावरमध्ये थोडं जास्त पाणी पडलं की आतलं स्पिरिट पेट्रोलला सोडून पाण्याच्या गळ्यात पडतं. दोघं मिळून टाकीच्या तळाशी जाऊन बसतात, आणि इंजिनाला जाणारी नळी तळातूनच निघते. मग गाडी दोन आचके देते आणि संपली.

उन्हाळ्याचे दिवस होते. नरडाण्याच्या बाजूच्या एका बड्या शेतकऱ्याची गाडी रस्त्यात बंद पडल्याचा निरोप एका बसवाल्याने आणला. नानांनी मला आणि मिस्तरींना धाडलं. हत्यारांची पिशवी, आमच्याकडच्या चांगल्या पेट्रोलचा सीलबंद डबा, रबरी नळी आणि बादली घेऊन आम्ही बसने निघालो. नरडाण्याच्या अलीकडे एका निंबाखाली गाडी उभी होती. सावलीत तिचा ड्रायव्हर सुकलाल उपरण्याने वारा घेत बसला होता.

मिस्तरींनी एकदा हँडल मारलं, खोकला ऐकला आणि हात झटकले. "पानी."

"पानी कोठून येई?" सुकलाल म्हणाला. "सकायेच मी सोता डबा भरी आनेल शे."

"डबा कसा व्हता?"

"कसा म्हंजे? सोच्छ! दोनदाव धोयेल."

मिस्तरींनी कपाळाला हात लावला. "आनि पुसना?"

"पुसाले काबरं? धोयेल भांडाले कोनी पुसत बसस का? बिगर धोयेल भांडामा मात्र कोनी काही भरत नही, आम्हना गावमा."

त्याचं काही चुकलं नव्हतं. घागर असो, कासंडी असो, आपल्याकडे विसळल्याशिवाय भांड्यात काही घालायचं नाही, ही आईने लावलेली सवय. सुकलालने पेट्रोलच्या डब्यालाही तोच मान दिला. तळाशी जे दीड-दोन पेले पाणी राहिलं, तेवढ्याने आतलं सगळं स्पिरिट बाजूला काढलं होतं.

टाकी रिकामी करणं भाग होतं. तळाचा बोल्ट गंजून असा धरला होता की फिरवला असता तर टाकीच फाटली असती. मग गॅरेजवाल्याचा एकच उपाय. नळीचं एक टोक टाकीत तळापर्यंत सोडायचं, दुसरं तोंडात धरून ओढायचं, पेट्रोल तोंडाशी आलं की नळी खाली बादलीत टाकायची, मग ते आपोआप वाहतं. हे सगळेच करायचे. पेट्रोल थोडं तोंडात जायचंच. थुंकायचं आणि कामाला लागायचं.

मिस्तरींनी नळी ओढली. पण तळाशी पेट्रोल नव्हतंच, होतं ते नुसतं पाणी आणि स्पिरिट. तोंडभर आलं. ते थुंकले, खोकले, परत थुंकले. बादलीत धार लागली. उन्हात तो वास असा दरवळला की समोरून जाणाऱ्या बैलगाडीवाल्याने बैल थांबवले. "काय भो, रस्तावर दुकान मांडं का?" म्हणून तो हसत पुढे गेला. आम्हीही हसलो.

त्यानेच पुढे वाटेत भेटलेल्या पोलिसांना सांगितलं असणार. कारण बादली भरते न भरते तोच नरडाण्याकडून दोन सायकली आल्या. पुढच्या सायकलवर फौजदार. तरुण, चष्मेवाला, बदलून नवा आलेला. मागे त्यांचा शिपाई हिरामण, पन्नाशीचा, धापा टाकत.

फौजदारांनी सायकल झाडाला टेकवली. बादलीकडे पाहिलं. नळीकडे पाहिलं. मग मिस्तरींकडे.

"काय चाललंय?"

"गाडी दुरुस्त करतोय साहेब," मी म्हटलं.

हिरामण पुढे झाला आणि मिस्तरींचा चेहरा निरखून म्हणाला, "साहेब, हाऊ तं धुडकू. मागे जेलमा व्हता. दारूनाच केसमा."



"तोंड उघड," फौजदार म्हणाले. मिस्तरींनी मुकाट्याने आ केला. फौजदारांनी चेहरा जवळ नेला आणि लगेच मागे घेतला. "पेट्रोल पिऊन कोणाच्या तोंडाला असा वास येत नाही. धुळ्याला चल. सरकारी डॉक्टर काय ते ठरवतील. एकदा शिक्षा झालेल्याला दुसऱ्यांदा सोडत नाहीत, माहीत आहे ना?"

"साहेब, मी पेयेल नही," मिस्तरी म्हणाले. "नळी ओढी. तोंडमा गयं, थुकी टाकं."

"सगळे थुंकलेच म्हणतात."

मिस्तरी खाली बसून हत्यारं पिशवीत भरू लागले, जणू काही दिवसभराचं काम संपलं होतं. ते पाहून मला राहवेना. डॉक्टरांनी काहीही लिहिलं तरी पोलिसांबरोबर चाललेल्या मिस्तरींना धुळे बघणार होतं. नाना पायरी चढू देणार नव्हते. अक्का चार लोकांत मान वर करू शकणार नव्हत्या. सोडली म्हणणाऱ्या माणसाचं खरं असतं का खोटं, ते त्या निंबाखाली कायमचं ठरणार होतं.

मी म्हटलं, "साहेब, या पेट्रोलमध्येच स्पिरिट आहे. सरकारच घालतं. दाखवतो तुम्हाला."

बॅटरीत पाणी घालायची काचेची बाटली आमच्या पिशवीत होती. मी तिच्यात थोडं पाणी ओतलं आणि त्या पाण्याच्या रेषेवर दोरा बांधला. मग आमच्या सीलबंद डब्यातलं चांगलं पावर पेट्रोल वरपर्यंत भरलं, अंगठा लावून खळखळून हलवली आणि उन्हात धरली.  आधी सगळं दुधासारखं पांढरं झालं. मग हळूहळू दोन थर पडले, आणि खालचा थर दोऱ्याच्या बराच वर आला होता.

"बघा साहेब. पाणी वाढलं नाही. पेट्रोलमधलं स्पिरिट उतरून पाण्यात आलं. टाकीत हेच झालं, आणि मिस्तरींच्या तोंडात तळाचं हे आलं."

फौजदारांनी बाटली हातात घेतली, चष्मा वर करून पाहिली. त्यांना ते पटलेलं दिसलं. मला हायसं वाटलं. पण ते सावकाश म्हणाले, "म्हणजे पेट्रोल घ्यायचं, त्यात पाणी ओतायचं, हलवायचं, आणि खालचं काढून घ्यायचं."

"हो साहेब."

"कोणालाही जमेल?"

"हो सा…" आणि मी थांबलो.

"गप ना रे कोकण्या!" मिस्तरी खालून म्हणाले. पण झालं ते झालं.

"पिण्याचं राहू दे," फौजदार म्हणाले. "ही तर भट्टी झाली. बिनजाळाची, बिनधुराची. गाडी बंद पडल्याचं निमित्त, आडरस्ता, बादली भरलेली. हिरामण, बादली ताब्यात घे."

हिरामणने बादलीला हात घातला आणि वासाने तोंड फिरवलं. सुकलाल इतका वेळ उपरणं तोंडाशी धरून उभा होता. तो आता बोलला, "साहेब, डबा मी धोयेल शे. पाप मना माथे लिखा. पन हाई पीवानं कोनी म्हनी का? बैल बी तोंड लावाव नही."

"तू गप्प बस."

भीतीने माणूस पळतो किंवा पुढे होतो. मी पुढे कसा झालो ते मला आजही कळलेलं नाही. "साहेब, आधी माझ्या तोंडाचा वास घ्या," मी म्हटलं.

त्यांनी घेतला. "नाही येत."

मी नळी उचलली, टाकीत तळाशी राहिलं होतं त्यात सोडली आणि ओढली. तोंडात आग पडली. ते कडू नव्हे, तिखट नव्हे, जिभेचं कातडं सोलल्यासारखं काहीतरी होतं. थुंकलो. डोळ्यांत पाणी. "आता घ्या."

फौजदारांनी वास घेतला. थोडं थांबून म्हणाले, "येतो. तसाच येतो."

"मग साहेब, मी तर प्यायलो नाही. तुमच्या समोरच…"

"थुंकलास त्यातलं किती गेलं आणि किती राहिलं, हे मी कसं सांगू? आता दोघांच्याही तोंडाला वास आहे. दोघंही चला."

मला वाटलं आपण बोललो तेवढ्या वेळा खड्डा खोलच केला. गावाकडे आईला कोण सांगणार, मुलगा कशापायी आत गेला? आणि कोण तिला पटवणार, की प्यायला नव्हता म्हणून?

तेवढ्यात मिस्तरी उठले. हातातला पाना त्यांनी खाली ठेवला, धोतराला हात पुसले आणि फौजदारांच्या पुढे येऊन हात जोडले.

"साहेब, ह्या पोऱ्याले सोडी द्या. परमुलुखना शे, आठे त्याले कोनी नही. मी पेयेल शे. लिखी ल्या."

 इतका वेळ नाही म्हणणारा माणूस हो म्हणत होता. जे सोडलं म्हणून त्याने सगळ्या गावाचं हुंगणं सोसलं, तेच माझ्यासाठी अंगावर घेत होता. मी "नाही साहेब, खोटं बोलताहेत," असं ओरडलो.

फौजदार दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिले. मग त्यांनी टोपी काढून हिरामणच्या हातात दिली.

"याला कोर्टात उभं केलं तर मला शपथेवर सांगावं लागेल, की तो वास प्यायल्याचा होता. ते आधी मलाच कळायला हवं. नळी दे."

"साहेब!" हिरामण म्हणाला.

"दे म्हटलं ना."

मी नळी पुसून दिली. त्यांनी ती दोन बोटांत धरली, एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि ओढली. सवय नव्हती. फार जोरात ओढली. तोंड भरलं, थोडं नाकात गेलं, चष्मा खाली पडला. ते निंबाच्या बुंध्याला धरून खोकले, थुंकले, खोकले. सुकलालने पाण्याचा तांब्या पुढे केला, तोही बिचारा आधी विसळून. फौजदारांनी चुळा भरल्या, डोळे पुसले.

"हिरामण. वास घे."

"कोनाना, साहेब?"

"माझा."

"साहेब, तुम्हना तोंडना वास मी कसा लेऊ? मी लहान मानूस."

"हुकूम आहे."

हिरामण टोपी छातीशी धरून जवळ गेला, देवाला वाकावा तसा वाकला, आणि मागे सरून जमिनीकडे पाहत म्हणाला, "येस, साहेब."

"कसला येतो?"

"जसा धुडकूना येस, तसाच."

 फौजदार निंबाखाली बसले. थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "आता मी चौकीत जाऊ कसा?"

सुकलालने शिदोरीतला कांदा फोडून पुढे केला. त्यांनी तो घेतला. मी निंबाचा कोवळा पाला तोडून दिला, तोही चावला. हिरामण रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही बाजूंना पाहत उभा राहिला. कोणी जवळ येईल की काय, म्हणून साहेबांवर पहारा. फौजदारांनी आम्हाला हाताने खूण केली, "जा तुम्ही."

मिस्तरी गेले नाहीत. "बसतस तुम्हना संगे, साहेब. एकला दिसनात तं लोके इचारतीन. चौघं दिसनात तं म्हनतीन, गाडी बंद पडनी शे."

असे आम्ही चौघं निंबाखाली बसलो. तिघांच्या तोंडाला वास, आणि तीनही न प्यायलेली माणसं. ऊन कललं. फौजदारांनी एकदा हातावर फुंकर मारून पाहिली, मान हलवली आणि परत पाला तोंडात टाकला. मग त्यांनी विचारलं, "धुडकू, खरंच सोडलीस?"

"सोडेल शे, साहेब."

"जड गेलं?"

मिस्तरी बोटाने मातीत काहीतरी गिरवत राहिले. फौजदार उठले, टोपी घातली, हिरामणला म्हणाले, "ते बादलीतलं ओतून दे. झाडापासून लांब." आणि आमच्याकडे न बघता सायकलवर बसून गेले. पुढे त्यांची बदली होईपर्यंत कोर्टाच्या कामाला धुळ्यात आले की ते आमच्या गॅरेजावरून जात. कधी थांबले नाहीत, पण मिस्तरी बाहेर दिसले की सायकलवरूनच मान लववीत. त्या नमस्काराची किंमत मला आणि मिस्तरींनाच ठाऊक होती.

टाकी कोरडी पुसून आम्ही डब्यातलं चांगलं पेट्रोल घातलं. गाडी पहिल्या हँडलला सुरू झाली. सुकलालने आम्हाला नरडाण्याच्या बसथांब्यावर सोडलं. धुळ्याच्या बसला वेळ होता. बाकावर बसलो. मी आनंदात होतो, बडबडत होतो. मिस्तरींची सुटका झाली, अक्कांना काही कळणारही नाही, नानांना तर सांगायचंच नाही, वगैरे. मिस्तरी ऐकत होते. मग म्हणाले, "कोकण्या, वास तं जास. दोन घटकामा जास. चव नही जात."

मला समजलं नाही.

"हाई पावर आठे उनी, तवपासून रोज नळी तोंडमा ऱ्हास. रोज ती चव जिभले लागस. पेट्रोलना आडून ती मले वळखस, आनि मी तिले. आख्खं आंग म्हनस, घोट, घोटी ले, कोनले समजाव नही, पेट्रोलनाच वास शे म्हनतीन. मंग थुकनं पडस." ते आपल्या हातांकडे पाहत होते. "थुकाले भलता जोर लागस रे. गंजेल बोल्ट सोडाले बी इतला लागत नही."

मी त्यांच्याजवळ बसून रोज काम करत होतो. त्यांच्या घरी जेवत होतो. लोक त्यांना हुंगत तेव्हा मला राग येई. पण रोज नळी त्यांच्याच हातात जाते, हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं. ते वाकबगार, म्हणून ते ओढायचे. मी नवखा, म्हणून बादली धरायचो. गॅरेजाची रीतच तशी. कोणी वाईट चिंतलं नव्हतं. सकाळपासून रात्रीपर्यंत एका माणसाची परीक्षा चालली होती आणि आम्ही शेजारी पाने पुसत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच एक टॅक्सी आली, टाकी उतरवून धुवायची होती. मिस्तरींनी खिळ्यावरची नळी काढली. मी त्यांच्या हातातून ती घेतली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नाना दारातून म्हणाले, "काय रे, आते तू ओढशी का?" मी नुसती मान हलवली. मिस्तरींनी बादली उचलून माझ्यापुढे धरली.

मी नळी ओढली. तोंड भरून आलं. मी थुंकून टाकलं. मला काहीच जोर लागला नाही.